जगन्नाथाचा 'जगरनॉट' कसा झाला?

गावात शाळेची इमारत उभी करायची असो, दुष्काळी भागातील तलावाचा गाळ उपसायचा असो वा एखाद्या सेवाकार्याचा पाया घालायचा असो, आरंभीच्या बैठकीत कोणीतरी वडीलधारी व्यक्ती उठते आणि म्हणते, "हा जगन्नाथाचा रथ आहे, सर्वांचे हात लागल्याशिवाय हलणार नाही." या वाक्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरचे, परंतु सर्वांनी मिळून केले तर सहज होणारे कार्य म्हणजे जगन्नाथाचा रथ. त्यात धनिकाचा हात लागतो, मजुराचाही लागतो. दोराला हात लावणाऱ्याची जात वा पत कोणी विचारत नाही.

हाच रथ इंग्रजी भाषेत शिरला तेव्हा त्याचे काय झाले? इंग्रजी शब्दकोशात 'जगरनॉट' हा शब्द काढून पाहावा. वाटेत येईल त्याला निर्दयपणे चिरडत पुढे जाणारी प्रचंड, अनावर शक्ती, असा त्याचा अर्थ तेथे आढळतो. इंग्लंडमधील रस्त्यांवर धडधडत जाणाऱ्या अवजड मालट्रकला गेली काही दशके हेच नाव आहे. अमेरिकेतील चित्रकथांमध्ये भिंती फोडत धावणाऱ्या एका खलपात्राला १९६५ मध्ये हेच नाव देण्यात आले. आपल्याच देशातील इंग्रजी दैनिके एखाद्या पक्षाने निवडणुका पाठोपाठ जिंकल्या की त्या पक्षाला हेच विशेषण लावतात. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते की, आपण ज्या शब्दाने विनाशाचे वर्णन करीत आहोत, ते कोट्यवधी देशबांधवांच्या आराध्यदैवताचे नाव आहे.

अर्थासह गेलेले शब्द आणि अर्थ गमावलेला शब्द

भारतीय भाषांतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांची संख्या मोठी आहे. 'गुरू', 'पंडित', 'अवतार', 'बंगला' हे शब्द तेथे रुळले. कंपनीच्या राजवटीत 'लूट' हा शब्दही इंग्रजीने आत्मसात केला. ज्यांनी तो नेला, त्यांच्या हाती शब्दाबरोबर वस्तूही होती, हा भाग वेगळा. प्रवासात यांपैकी काही शब्दांच्या अर्थाला मुरड पडली, छटा बदलल्या. भाषेच्या व्यवहारात हे घडणारच. परंतु या शब्दांचा अर्थ उलटा झाला नाही. पंडित म्हणजे मूर्ख असे इंग्रजी शब्दकोशाने कधी सांगितले नाही.

'जगन्नाथ' या नामाच्या वाट्याला मात्र नेमके हेच आले. 'जगत्' आणि 'नाथ' या दोन संस्कृत शब्दांचा हा समास. नाथ म्हणजे स्वामी, आश्रय देणारा, सांभाळ करणारा. ज्याला कोणी नाही तो अनाथ, आणि ज्याच्यामुळे जग अनाथ राहत नाही तो जगन्नाथ. रक्षणकर्त्याचे हे नाव इंग्रजीत जाऊन चिरडणाऱ्याचे नाव झाले. हा उच्चाराचा अपभ्रंश नव्हे. उच्चार तर बिघडलाच. मूळ नावात नसलेला 'र' त्यात घुसला आणि 'नाथ'चा 'नॉट' झाला. पण परक्या जिभेला एखादे नाव नीट उच्चारता येत नाही, यात दोष कोणाचाच नसतो. अर्थ उलटतो तेव्हा मात्र त्यामागे इतिहास असतो, आणि तो शोधावा लागतो.

पुरीच्या आधीची कथा

या इतिहासाचा आरंभ चौदाव्या शतकात होतो. इटलीतील पोर्देनोने गावचा ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन पंथाचा धर्मोपदेशक १३२० नंतरच्या वर्षांत भारतात आला. मायदेशी परतल्यावर १३३० मध्ये त्याने आपला प्रवासवृत्तांत सांगून लिहवून घेतला. एक भव्य मूर्ती रथातून मिरवली जाते आणि भाविक त्या रथाच्या चाकांखाली स्वतःला झोकून देतात, असे वर्णन त्यात आले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे वर्णन पुरीचे नाही. ओदोरिक ज्या प्रदेशाला 'मोबार' म्हणतो, तो कोरोमंडलचा, म्हणजे आजच्या तमिळनाडूचा किनारा. संत थॉमसची समाधी ज्या भागात दाखवली जाते, तेथील ही कथा आहे. पुरी तेथून शेकडो कोस दूर!

त्याच शतकात 'सर जॉन मॅन्डेव्हिल' या नावाने एक प्रवासग्रंथ युरोपात अवतरला. त्यातील बरीचशी सामग्री इतरांच्या ग्रंथांतून उचललेली होती. ओदोरिकच्या वृत्तांताचाही त्यात भरपूर वापर झाला. हा ग्रंथ युरोपातील अनेक भाषांमध्ये अनुवादित झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. एकाही इंग्रजाने पुरीचे दर्शन घेण्यापूर्वी सुमारे तीन शतके रथाखाली चिरडल्या जाणाऱ्या हिंदूंचे चित्र युरोपीय मनात असे ठसून बसले. चित्र तयार होते, त्याला फक्त गाव हवे होते.

ते गाव विल्यम ब्रूटन या इंग्रज प्रवाशाने पुरवले. तो १६३३ मध्ये पुरीला गेला आणि त्याचा वृत्तांत १६३८ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. सोळा चाकांचा रथ त्याने नोंदवला, देवाचे नाव आपल्या कानाला ऐकू आले तसे लिहिले, मंदिराला सैतानाचे घर ठरवले आणि रथाखाली देह टाकण्याची जुनी कथाही त्याला जोडून दिली. इंग्रजी छापील पानावर जगन्नाथाचे नाव आले ते आरंभापासूनच असे कलंकित होऊन आले.

१८०६ : एक वर्ष, दोन घटना

तरीही सतराव्या शतकातील एका प्रवाशाच्या पुस्तिकेने शब्दकोश बदलत नाहीत. त्यासाठी सत्ता लागते, आणि त्या सत्तेला सोयीचा असा प्रचारही लागतो. हा दुसरा अंक समजून घेताना मराठी माणसाने विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण त्यात महाराष्ट्राचाही संबंध येतो.

१७५१ पासून ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुरीच्या मंदिराच्या सिंहद्वारासमोर आज जो अरुणस्तंभ डौलाने उभा आहे, तो मराठा काळातच कोणार्कच्या भग्न सूर्यमंदिरातून आणून तेथे उभारला गेला. १८०३ च्या सप्टेंबरात दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कंपनीच्या फौजा पुरीत शिरल्या आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वऱ्हाडातील देवगावच्या तहाने कटक प्रांत भोसल्यांच्या हातून गेला. जगन्नाथाचे क्षेत्र आता एका परकीय व्यापारी कंपनीच्या ताब्यात होते.

या कंपनीने १८०६ मध्ये काय केले? पुरीच्या यात्रेकरूंवर कर बसवला. भोसल्यांच्या काळातही यात्रेकर घेतला जात असे, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण मूर्तिपूजेला पाप मानणाऱ्या राजवटीने त्याच मूर्तीच्या दर्शनावर कर घ्यावा, हा ढोंगीपणा कंपनीचा स्वतःचा होता. हा कर १८४० पर्यंत चालू राहिला.

त्याच १८०६ च्या जून महिन्यात क्लॉडियस बुकॅनन नावाचा स्कॉटिश पाद्री रथयात्रा पाहण्यास पुरीला पोहोचला. कोलकात्यातील फोर्ट विल्यम कॉलेजचा तो उपप्रमुख होता. १८११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडवली. पुरी अद्याप कित्येक कोस दूर असतानाच वाटेवर पसरलेल्या मानवी अस्थी त्याने वर्णिल्या, रथाखाली देह टाकणारा भाविक वर्णिला आणि बायबलमध्ये ज्याला बालकांचा बळी दिला जात असल्याचे सांगितले आहे, त्या मोलॉख या दैवताशी जगन्नाथाची तुलना केली.

बुकॅननने वाटेवर अस्थी पाहिल्या नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर शेकडो कोस पायी चालत येणाऱ्या लाखो यात्रेकरूंपैकी कित्येकजण पटकीने, उपासमारीने आणि थकव्याने मरत. पण रस्त्यावर पडलेला यात्रेकरू हा मूर्तीचा बळी कसा? प्रवाशाला पिण्याचे शुद्ध पाणी, निवारा आणि औषध पुरवणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य असते. यात्रेकरूकडून कर घेणाऱ्याचे तर ते अधिकच असते. कंपनीने या करात रस घेतल्याबद्दल बुकॅनन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर टीका केली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र त्या टीकेमागे यात्रेकरूची सोय व्हावी हा उद्देश नव्हता. सरकारने मंदिराशी संबंध तोडावा आणि मिशनऱ्यांना मार्ग मोकळा करावा, हा होता. १८१३ मध्ये ब्रिटिश संसदेत कंपनीच्या सनदेचा प्रश्न आला, तेव्हा भारतात मिशनऱ्यांना प्रवेश मिळावा यासाठी विल्बरफोर्स आदींनी जी जोरदार मोहीम उघडली, तिला बुकॅननच्या ग्रंथाचे मोठे बळ मिळाले. नव्या सनदेने तो प्रवेश दिला. धर्मांतराच्या कार्यासाठी आधी 'उद्धरण्याजोगे' भयानक दृश्य उभे करावे लागते, आणि ते दृश्य जगन्नाथाच्या रथाने पुरवले.

काव्यातून, कादंबरीतून शब्दकोशात

एकदा प्रचाराचे रूप साहित्याने घेतले की त्याचा उगम विसरला जातो आणि परिणाम तेवढा उरतो. रॉबर्ट साउदी या कवीच्या १८१० मधील 'कर्स ऑफ केहामा' या काव्यात जगन्नाथाचा रथ भीषण रूपात अवतरतो. १८४७ च्या 'जेन आयर' या कादंबरीत एक कठोर पाद्री निष्पाप बालिकेला दोष देताना, जगन्नाथापुढे गुडघे टेकणाऱ्या मुलांहूनही ही वाईट आहे, असे सुनावतो. १८८६ मध्ये स्टीव्हन्सनच्या डॉ. जेकिलच्या प्रसिद्ध कथेत क्रूर हाइड एका लहान मुलीला तुडवून जातो, तेव्हा लेखकाला उपमा सुचते तीही जगन्नाथाचीच.

आणि पुरोगामित्वाचा आद्य ऋषी म्हणून ज्याचे पूजन झाले, तो कार्ल मार्क्स? त्याने भारतात पाऊलही ठेवले नव्हते. तरीही १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रातील भारतविषयक लेखात हिंदू धर्माचे वर्णन करताना त्याने जगन्नाथाचा दाखला दिला. पुढे १८६७ च्या 'कॅपिटल'मध्ये मजुराच्या बायकामुलांना भांडवलाच्या रथचक्रांखाली ओढले जाते हे सांगण्यासाठी त्याने हीच प्रतिमा वापरली. धर्माला अफू म्हणणाऱ्या या विचारवंताने पाद्र्याचे चित्र तपासून न पाहता स्वीकारावे, हे विलक्षण आहे. पाद्री आणि मार्क्स यांचे अन्य कशावरही एकमत होणे कठीण होते. जगन्नाथाच्या बाबतीत मात्र ते झाले, कारण दोघांचाही आधार एकच होता : दुसऱ्याने लिहिलेले.

साक्ष इंग्रजांचीच

हा सर्व अपप्रचार होता, असे हिंदू समाजाने म्हटले तर त्याला अभिनिवेश म्हणून बाजूला सारता येईल. म्हणून साक्षीसाठी इंग्रज अधिकाऱ्यांनाच बोलवावे. ओडिशात सेवा केलेल्या अँड्र्यू स्टर्लिंग या कंपनीच्या अधिकाऱ्याचा विस्तृत वृत्तांत १८२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने चार वर्षे रथयात्रा स्वतः पाहिली. या चार वर्षांत रथाखाली मृत्यूच्या तीनच घटना घडल्याचे तो नोंदवतो. त्यांतील एक बहुधा अपघात, आणि उरलेल्या दोघी व्यक्ती दीर्घकाळ असह्य व्याधीने पीडित होत्या, असे तोच सांगतो. लाखोंच्या यात्रेत, चार वर्षांत तीन. याला राष्ट्रीय नरबळीची प्रथा म्हणावयाचे काय?

त्यानंतर विल्यम विल्सन हंटर या सनदी अधिकाऱ्याने १८७२ मधील आपल्या 'ओरिसा' या ग्रंथात या विषयाची तपासणी केली. प्रवाशांचे वृत्तांत आणि सरकारी कागद पाहून तो ज्या निष्कर्षावर आला, तो स्पष्ट आहे : जगन्नाथाची बदनामी झाली आहे. आत्मबलिदान हे वैष्णव भावनेच्या पूर्ण विरुद्ध आहे, चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेत क्षुद्र जीवाची हत्याही पाप मानली जाते आणि मंदिराच्या आवारात अपघाताने कोणी मृत्यू पावला तरी विटाळ मानून नैवेद्य दूर केला जातो, हे हंटरने नोंदवले. ज्या देवाला मृत्यूचा स्पर्शही खपत नाही, त्याला मृत्यूचा भुकेला ठरवणारा शब्द मात्र हंटरनंतरही तसाच राहिला. सत्य ग्रंथालयात बसले आणि असत्य बोलीभाषेत फिरत राहिले.

गर्दीत दुर्घटना होतात, आजही होतात. २०२५ च्या रथयात्रेत गुंडिचा मंदिराजवळ चेंगराचेंगरीत तीन भाविकांचा मृत्यू झाला. ते दुःख खरे आहे आणि व्यवस्थापनाने त्याचा जाब दिलाच पाहिजे. परंतु इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना पाहण्यास आलेले ९७ जण चेंगरून मृत्युमुखी पडले, म्हणून फुटबॉल हे रक्तपिपासू दैवत आहे असा शब्द कोणत्याही भाषेने बनवला नाही. आपल्या घरी घडतो तो अपघात आणि दुसऱ्याच्या घरी घडते ती रानटी प्रथा, हा दुटप्पीपणा या एका शब्दात गोठून राहिला आहे.

चाकाखालून आणि दोराजवळून

प्रत्यक्षातील रथयात्रा कशी आहे? अक्षय्य तृतीयेला नव्या रथांच्या बांधणीस आरंभ होतो. जगन्नाथाचा नंदीघोष सोळा चाकांचा, बलभद्राचा तालध्वज चौदा चाकांचा आणि सुभद्रेचा दर्पदलन बारा चाकांचा. रथ दरवर्षी नवे बांधले जातात आणि यात्रेनंतर सुटे करून त्यांचे लाकूड मंदिराच्या पाकशाळेतही वापरले जाते. ज्येष्ठ पौर्णिमेच्या महास्नानानंतर देवाला चक्क ताप भरतो आणि तो पंधरा दिवस विश्रांती घेतो. बरा झाल्यावर आषाढ शुद्ध द्वितीयेला तो भावाबहिणीसह, लोकभावनेप्रमाणे, मावशीच्या घरी निघतो. मागे राहिलेली लक्ष्मी रुसते आणि हेरापंचमीला जाऊन रथाचा एक तुकडा मोडून येते. आजारी पडणारा, मावशीकडे जाणारा, पत्नीचा रुसवा सोसणारा हा देव मोलॉख कसा असेल?

आणि या रथाभोवतीचा समाज पाहावा. देवाच्या जवळचे दइता सेवक स्वतःला शबर वनवासी प्रमुख विश्वावसूचे वंशज मानतात. रथ निघण्यापूर्वी पुरीचे गजपती महाराज सोन्याच्या झाडूने रथ झाडतात. राजा तेथे झाडूवाला असतो. महाप्रसाद ग्रहण करताना जातिभेद पाळला जात नाही. मुघल सरदाराचा पुत्र असलेला सतराव्या शतकातील कवी सालबेग जगन्नाथाची भजने रचून गेला आणि आजही त्याच्या समाधीपाशी रथ थांबतो. समरसतेचा असा सोहळा ज्या रथाभोवती घडतो, त्याच्याकडे पाहताना बुकॅननची दृष्टी फक्त चाकांवर खिळली होती. दोराला लागलेले लाखो हात त्याला दिसले नाहीत.

मराठी भाषेला मात्र ते दिसले. आषाढ शुद्ध द्वितीयेला पुरीचा रथ निघतो, तेव्हा महाराष्ट्रात ज्ञानोबा-तुकारामांच्या पालख्या पंढरीच्या वाटेवर असतात. लाखोंच्या मेळ्यात पायी चालणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते, त्याने जगन्नाथाच्या रथाचा अर्थ अचूक ओळखला आणि त्याचा वाक्प्रचार बनवला. रथ तोच, पण एका भाषेने तो चाकाखालून पाहिला आणि दुसरीने दोराजवळून.

मग करावयाचे काय?

इंग्रजी शब्दकोशातून हा शब्द काढून टाका, अशी मागणी करणे निरर्थक आहे. शब्द हुकमाने मरत नाहीत आणि निषेधपत्रांना शब्दकोश भीत नाहीत. खरा प्रश्न इंग्रजांचा नाहीच, तो आपल्या घरातील मुलांचा आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला 'जगरनॉट' हा शब्द आधी भेटतो आणि जगन्नाथ नंतर. कधी कधी भेटतच नाही. आपल्या दैवताची पहिली ओळख दुसऱ्याने केलेल्या निंदेतून व्हावी, यासारखी दुसरी मानसिक गुलामी नाही. अशा वेळी त्या मुलाला शब्दाचा अर्थ सांगून थांबू नये, त्याची वंशावळही सांगावी. ओदोरिकची ऐकीव कथा, बुकॅननचा ग्रंथ, संसदेतील सनद आणि हंटरची कबुली एवढे समजले की त्याला एका शब्दातून वसाहतवादाचा अख्खा धडा मिळेल. आपली मराठी व हिंदी वृत्तपत्रे इंग्रजी मजकुराचा अनुवाद करताना हा शब्द जसाच्या तसा परत आणतात, ते टाळावे. 'अनावर', 'झंझावाती', 'अजिंक्य' असे शब्द मराठीत कमी नाहीत.

दुसरे काम अधिक कठीण आहे, पण ते सुरू झाले आहे. १९६७ मध्ये कृष्णभक्ती चळवळीने सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर रथयात्रा काढली. १९६९ मध्ये ती लंडनला पोहोचली, आणि १९७६ मध्ये न्यूयॉर्कला. ज्या लंडनमध्ये ब्रूटनची पुस्तिका छापली गेली, तेथील ट्रॅफल्गार चौकाकडे जाणाऱ्या रथाचा दोर इंग्रज तरुण-तरुणी ओढू लागले. शब्दकोशाने जे शिकवले, ते त्यांच्या हातांनी खोटे ठरवले. परंतु रस्त्यावरील रथाला ग्रंथाची जोड हवी. जो समाज आपले वर्णन स्वतः लिहीत नाही, त्याचे वर्णन इतर लिहितात, आणि ते त्यांच्या सोयीने लिहितात. पुरीच्या यात्रेवर ओडियात विपुल लेखन आहे. ते मराठीत यावे, मराठीतून इतर भाषांत जावे, सुबोध इंग्रजीतही यावे. त्यासाठी ओडिया शिकणारे मराठी तरुण हवेत, अनुवादक हवेत, त्यांना बळ देणारी ग्रंथालये आणि वाचक हवेत.

हे काम एका लेखकाचे किंवा एका संस्थेचे नाही. तो जगन्नाथाचा रथ आहे, आणि या शब्दाचा मराठी अर्थ मराठी वाचकाला ठाऊक आहे.